दोन बोटं बाहेर

शहापूरला नवा बॅडमिंटन हॉल झाला, तेव्हा त्याच्या दारावर लावायच्या पाटीचा मजकूर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी मला वाचायला पाठवला. ‘आंतरराष्ट्रीय रेषापंच, ज्यांच्या अचूक नजरेने दोन बोटांच्या फरकावर भारताला विजय मिळवून दिला’ असं त्यात होतं आणि खाली माझं नाव. त्याच आठवड्यात या वार्षिकाच्या संपादकांचा फोन आला. तेही म्हणाले, ‘‘मास्तर, त्या पॉइंटवरच लिहा.’’ लिहितो. पण गेली तीस वर्षं सांगत आलो तसं नाही.

आधी आमचं काम काय ते सांगतो, कारण टीव्हीवर सामना बघणाऱ्यांनाही आम्ही दिसत नाही. कोर्टाच्या कडेला खुर्च्यांवर जी गप्प माणसं बसलेली असतात, ते रेषापंच. प्रत्येकाला एक रेषा. समोर जगातले सर्वांत चांगले खेळाडू झेपावत असतात आणि आम्ही बघतो ती जमीन. फूल रेषेला जरासं जरी शिवलं तरी आत. फूल म्हणजे शटल; आमच्याकडे सगळे फूलच म्हणतात. आम्हाला इशारे तीनच. फूल बाहेर पडलं तर दोन्ही हात आडवे पसरून मोठ्यानं ‘आउट’. आत पडलं तर तोंड बंद, उजव्या हातानं रेषेकडे बोट. आणि मधे कुणी आल्यामुळे दिसलंच नाही, तर दोन्ही तळहातांनी डोळे झाकायचे. मग मुख्य पंचाला दिसलं असेल तर तो ठरवतो, नाहीतर तो पॉइंट परत खेळवतो. या तिसऱ्या इशाऱ्यावर माझं सगळं आयुष्य अडकलं, म्हणून तो नीट लक्षात ठेवा.

मी शहापूर तालुक्यातल्या शेणव्याच्या शाळेत खेळाचा शिक्षक. माझं स्वतःचं गाव मात्र शेजारच्या मुरबाड तालुक्यात. शाळेला मैदान होतं, पण वारा फूल टिकू देत नाही. म्हणून शाळेमागच्या एका शेतकऱ्याचं खळं, भात झोडून मोकळं झालं की आम्ही मागून घ्यायचो. तीन बाजूंनी पेंढ्यांच्या गंजी, त्यामुळे वारा अडायचा. रेषा मारायच्या चुन्यानं. कोंबड्या त्या रेषा दर तासाला पुसायच्या आणि मी दर तासाला परत मारायचो. मला वाटतं, रेषेकडे टक लावून बघायची सवय मला तिथंच लागली. पुढं मुंबईला जाऊन पंचाची परीक्षा दिली, जिल्ह्यात बसलो, राज्यात बसलो आणि एकदा बाहेरदेशचे खेळाडू येणार असलेल्या स्पर्धेचं बोलावणं आलं. त्यानंतर बरीच वर्षं अशी बोलावणी येत राहिली.

या खेळाची पहिली नियमावली आपल्या पुण्यात लिहिली गेली, हे तुम्हाला माहीत असेल. इंग्रज अधिकारी छावणीत खेळायचे आणि खेळालाच ‘पूना’ म्हणायचे. ते तो विलायतेला घेऊन गेले आणि तिथं मोठी स्पर्धा सुरू झाली, ती शंभरावर वर्षं चालू आहे. मग पुरुषांच्या संघांचा जागतिक करंडक आला, मागून बायकांचा. पण व्यक्तिगत जगज्जेतेपद यायला फारच उशीर लागला, आणि ऑलिंपिकमध्ये तर खेळ परवा-परवा शिरला म्हणा ना. तोवर विलायतेतल्या लोकांच्या हातून करंडक पूर्वेकडे गेले होते. मलाया, इंडोनेशिया, चीन. डेन्मार्कवाले तेवढे अजून चिवटपणे उभे आहेत. या सगळ्या इतिहासात फुलाचा वेग वाढला, रॅकेट लाकडाची होती ती लोखंडाची आणि मग कसल्याशा हलक्या धाग्याची झाली, गुण मोजायची पद्धत बदलली. रेषापंचाची खुर्ची मात्र तशीच राहिली, पाठ दुखवणारी.

खुर्चीवरून माणसं मोठी मजेशीर दिसतात. एक युरोपातला ताडमाड गडी होता. दर दोन पॉइंटांनी तो नेमका माझ्या खुर्चीपाशी येऊन घाम झटकायचा. आम्हाला हलायची परवानगी नाही. सामना संपेपर्यंत माझी डावी बाही भिजून चिंब. दुसरा एक प्रत्येक सर्व्हिसच्या आधी नवं फूल मागायचा. फुलाला बदकाची सोळा पिसं असतात, पंखावरून निवडून घेतलेली. मी ती टाकून दिलेली फुलं पिशवी भरून शेणव्याला नेली. जगातल्या पहिल्या दहांत असलेल्या खेळाडूनं नाकारलेल्या फुलांवर आमच्या पोरी खळ्यावर वर्षभर खेळल्या. आणि एकदा उपांत्य सामन्यात एक कबूतर हॉलमध्ये शिरून माझ्याच रेषेवर येऊन बसलं. मुख्य पंचानं माझ्याकडे पाहिलं. कबुतरासाठी इशारा नाही, म्हणून मी सरळ रेषेकडे बोट दाखवलं. आत.

आता वडिलांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. वडील गावात बांधाचे पंच होते. दोन शेतांमधला बांध पावसात वाहून गेला की भांडण लागायचं. मग दोन्हीकडची माणसं जमायची, पंचांना पुढं घालायची आणि पंच चालत जाऊन काठी रोवायचे: बांध इथं होता. त्यात एक पद्धत होती. पंचानं ‘मला आठवत नाही’ किंवा ‘मी बघितलं नाही’ असं म्हणायचं नाही. जो तसं म्हणाला तो दुसऱ्या बाजूला फितला, असं गाव धरून चालायचं. त्यानं पुढं केलेल्या विड्याच्या पानाला कुणी हात लावायचं नाही. वडिलांची काठी दर वेळी खऱ्या जागी पडली असेल असं मी म्हणणार नाही. पण ती पडली नाही असं कधी झालं नाही.

मुंबईतली ती स्पर्धा मोठी होती. तिचं नाव लिहीत नाही. ज्यांना शोधायचं ते शोधतील. माझा चुलतभाऊ काशिनाथ गावातली सोळा माणसं दोन जीपमध्ये भरून आला. मुरबाडहून कल्याण, पुढं मुंबई, आणि सोबत भाकरी. त्यांना खेळ बघायचा नव्हता, मला बघायचं होतं. पहिल्या दिवशी पुरुषांचा सामना होता. एक खेळाडू फूल घ्यायला मागं धावला आणि माझ्या समोरच उभा राहिला. फूल त्याच्या पलीकडे पडलं. मला दिसलं नाही. शिकवलं होतं तसं मी दोन्ही हातांनी डोळे झाकले.

वरच्या गॅलरीतून आमच्या सोळा माणसांचं हसू आख्ख्या हॉलनं ऐकलं.

बाहेर आल्यावर काशिनाथनं विचारलं, ‘‘काय रे मास्तर, झोप लागलेली का? का इंडियाचा खेळ बघवंना?’’

‘‘तो नियम आहे. दिसलं नाही की डोळे झाकायचे.’’

‘‘दिसलं नाय? अरे, आमाला वरून दिसलं. तुला खाली बसवलाय कशाला मग?’’

दुसरा कुणी म्हणाला, ‘‘आन् बाप बघा याचा. अंधारात बांध सांगायचा.’’

मी हसण्यावारी नेलं. पण त्याच रात्री घरी गेलो तर बातमी माझ्या आधी पोचली होती. मंदा, माझी बायको, भाकरी थापता थापता म्हणाली, ‘‘तुमी म्हणं हात लावून रडलात तिथं.’’ विहिरीवर तिला दोघीतिघींनी डोळे झाकून दाखवलं होतं. ‘‘मी काय सांगू त्यांना? सांगा मला, मी तसं सांगते.’’ मी नियम समजावला. तिनं नीट ऐकून घेतला आणि म्हणाली, ‘‘उद्या नका करू ते. एक दिवस. ती माणसं परत येनार हायत.’’

तिनं म्हटलं म्हणून मी केलं असं मुळीच नाही. तिनं म्हणायच्या आधीच माझं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलींचा एकेरी सामना. एक आपली, एक बाहेरची. तेव्हा गुण मोजायची पद्धत जुनी होती: सर्व्हिस ज्याची त्यालाच गुण, आणि मुलींचा डाव अकराचा. तिसरा डाव, आपली मुलगी दहा, पाहुणी आठ, सर्व्हिस आपली. एक गुण आणि सामना. मी मागच्या रेषेवर, बाजूला. पाहुणीनं फूल उंच उडवलं, पलीकडच्या कोपऱ्यात. आपली मुलगी मागं गेली, रॅकेट उचलली, मारू की सोडू असं केलं आणि सोडलं. ती नेमकी माझ्या आणि फुलाच्या मधे उभी होती. मला तिची पाठ दिसली, केसांची लाल रिबीन दिसली. फूल पडल्याचा आवाज आला. पडलेलं दिसलं नाही.

ती वळली आणि माझ्याकडे बघू लागली. मुख्य पंच माझ्याकडे बघू लागला. आणि वर सोळा माणसं.

मी हात पसरले. ‘‘आउट!’’

त्या काळी आपापल्या रेषेवर रेषापंचाचाच शब्द शेवटचा असे. मुख्य पंचालाही तो बदलता येत नसे. सामना संपला. हॉल उभा राहिला. वरून काशिनाथ माझं नाव घेऊन ओरडत होता, खेळणाऱ्या मुलीचं नाव त्याला माहीतच नव्हतं.

इथवरची चूक घाईतली आहे, आणि घाईतल्या चुकीला कुणी माफही करेल. पुढची तशी नाही. पाहुणी खेळाडू पिशवी उचलायला आली, तिची पिशवी माझ्या खुर्चीजवळ होती. तिला इंग्रजी जेमतेम येत होतं, मलाही तेवढंच. ती भांडली नाही. वाकून माझ्याकडे बघत तिनं विचारलं, ‘‘यू सी?’’

मी मान हलवली. सावकाश, दोनदा. हो, पाहिलं.

तिनं ते खरं मानलं. थोडी वाकून नमस्कार केल्यासारखं केलं आणि गेली.

गावात मिरवणूक निघाली नाही, पण जे झालं ते मिरवणुकीपेक्षा फारसं कमी नव्हतं. मुरबाडच्या एसटी स्टँडवर उतरलो तर चहावाला विचारतो, ‘‘मास्तर, किती बाहेर होतं?’’ काहीतरी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, ‘‘दोन बोटं.’’ ही दोन बोटं मी तिथं, स्टँडवर, कपबशी हातात असताना तयार केली. पुढं शाळेत सत्कार झाला तेव्हा भाषणाच्या भरात ती तीन झाली. तालुक्याच्या कार्यक्रमात एका पाहुण्यांनी चार केली, मी दुरुस्त केली नाही. काशिनाथ आजही लग्नात सांगताना वीतभर दाखवतो आणि पंगतीतली माणसं माझ्याकडे आदरानं बघतात. वीतभर बाहेर पडलेलं फूल कुणालाही दिसेल, त्यात कौतुक कसलं, हे अजून एकानंही विचारलेलं नाही.

मी मात्र शाळेत एका गोष्टीचा अतिरेक केला. खळ्यावर पोरापोरींना रेषेवर बसवायचो आणि तिसरा इशारा घोटून घ्यायचो. दिसलं नाही? झाक डोळे. लाज कसली? झाक. एकेकाला शंभर वेळा. पालक विचारायचे की खेळाच्या तासाला पोरं लपाछपी का खेळतात. त्यातलीच ज्योती. शेणव्याची, भातशेतीवाल्या घरातली. रॅकेट धरली तर फूल गंजीत जायचं, पण नजर अशी की बास. ती पंच झाली, परीक्षा देत देत मुख्य पंचाच्या उंच खुर्चीवर पोचली. आज ती मी कधी नकाशातही नीट पाहिले नाहीत अशा देशांत जाऊन जागतिक स्पर्धांचे सामने चालवते. मुलाखतीत सांगते, सरांच्या त्या एका निर्णयाची गोष्ट ऐकून मी या वाटेला आले. प्रत्येक वेळी ते वाचून मला जेवण जायचं नाही.

पाटीचा मजकूर आला तेव्हा पहिल्यांदा मी काशिनाथला खरं सांगितलं. आम्ही त्याच्या ओट्यावर बसलो होतो. त्याच्या हातातली विडी विझली होती.

‘‘म्हंजे दिसलंच नाय तुला?’’

‘‘नाही.’’

‘‘मग तू आउट का बोललास?’’

‘‘तुम्ही हसलात म्हणून.’’

त्यानं विडी परत पेटवली. मग म्हणाला, ‘‘पन तू आत बोलला असतास तरी तिला काय गुन भेटत नव्हता. नुसती सर्व्हिस जात होती आपली. तूच सांगितलेलंस.’’ हे खरं आहे. तीस वर्षं मीही स्वतःला हेच समजावत होतो. नुसती सर्व्हिस. आपली मुलगी पुढंही जिंकली असती कदाचित. पण हे त्या मुलींनी खेळून ठरवायचं होतं, मी खुर्चीत बसून नाही.

‘‘मी लोकांना सांगणार आहे,’’ मी म्हटलं.

‘‘सांग. पन माझी वीत तेवढी ऱ्हाऊ दे. माझं आता वय झालं, नवीन गोष्ट पाठ व्हायची नाय.’’

काशिनाथची भीती नव्हती मला. भीती ज्योतीची होती. हॉलच्या कामासाठी ती आली तेव्हा घरी बोलावलं. मंदानं पोहे ठेवले आणि आत जायच्या ऐवजी दारातच उभी राहिली. मी सगळं सांगितलं, मान हलवली होती तेसुद्धा. ज्योती पोहे खातच राहिली.

‘‘सर, मला माहीत होतं.’’

‘‘कसं?’’

‘‘तुम्ही शाळेत दोन बोटं सांगायचात. मी आठवीत असताना तीन झाली. निरोप समारंभात चार. ज्याला फूल दिसतं ना, त्याची बोटं वाढत नाहीत. मी कितीतरी रेषापंचांना विचारते, कुठं पडलं होतं? ज्याला दिसलं तो प्रत्येक वेळी तेच सांगतो.’’ मग म्हणाली, ‘‘आणि शंभर-शंभर वेळा डोळे झाकायला लावायचात. आम्ही तेव्हाच म्हणायचो, सरांचं काहीतरी आहे.’’

‘‘मग मुलाखतीत कशाला सांगतेस ती गोष्ट?’’

‘‘खरंच तीच ऐकून आले ना मी. तुम्ही खोटं सांगितलंत, माझं येणं खोटं कसं होईल?’’

दारातून मंदा म्हणाली, ‘‘चूक माझी पन हाय गो. मीच बोल्ले, उद्या नका करू.’’ तीस वर्षांत ती हे एकदाही बोलली नव्हती. मला वाटत होतं ती विसरली.

पाटी बदलायचं ठरलं. मी ज्योतीला आणखी एक विचारलं. ती पाहुणी खेळाडू आता कुठं असते, कळेल का? ज्योतीला आधीच माहीत होतं. ती आता प्रशिक्षक आहे, मोठ्या स्पर्धांना आपल्या देशाच्या मुलींना घेऊन येते. पुढच्या स्पर्धेत ज्योती तिला भेटली आणि माझा निरोप दिला: मला दिसलं नव्हतं, मी खोटी मान हलवली, माफ करा. तिला तो पॉइंट आठवत होता. ती म्हणाली म्हणे, ‘‘त्यांना सांगा, मला दिसलं होतं. रेषेवर होतं.’’ आणि हसली. मग तिनं विचारलं, ते गृहस्थ अजून बसतात का रेषेवर.

ती म्हणते म्हणून फूल आत होतं असं मी लिहिणार नाही. कोर्टाच्या दुसऱ्या टोकाहून आपलं फूल प्रत्येक खेळाडूला रेषेवरच दिसतं. ते कुठं पडलं हे मला माहीत नाही. नोंद करायची तर एवढीच करा: मागच्या रेषेच्या पंचाला दिसलं नाही. आता मोठ्या हॉलमध्ये कॅमेरे आलेत. खेळाडू हात वर करतो आणि पडद्यावर दिसतं फूल कुठं टेकलं ते. कधी कधी कॅमेऱ्यालाही नीट दिसत नाही, तेव्हा पडद्यावर सरळ तसं लिहून येतं आणि कुणी हसत नाही. यंत्राला चुलतभाऊ नसतो, हा त्याचा मोठा फायदा आहे.

हॉलच्या उद्घाटनाला शहापूर विरुद्ध मुरबाड असा सामना ठेवला होता. ज्योती मुख्य पंच. मागच्या रेषेवर मी, तिच्या आग्रहामुळे. गुडघ्यांमुळे खुर्चीत बसायला दोघांनी धरलं. दारावरच्या नव्या पाटीवर माझं नाव आहे आणि खाली ‘रेषापंच’, बस. काशिनाथ मुरबाडची जीप भरून आलाच होता. आता तरुण पोरं, पण आवाज त्याचाच.

आता पद्धत एकवीसची आहे, प्रत्येक फुलाला गुण. वीस-एकोणीस, मुरबाड पुढं. शहापूरच्या पोरानं फूल मागं टाकलं आणि मुरबाडचा पोरगा मागं सरकत येऊन अगदी माझ्यासमोर उभा राहिला. फूल सोडलं. टप् असा आवाज आला. पोरगा वळून माझ्याकडे बघू लागला. वरून काशिनाथ, ‘‘मास्तर, आपला पॉइंट हाय.’’

मी दोन्ही तळहात डोळ्यांवर ठेवले.

हॉलभर हसू फुटलं. शहापूरकर हसले, मुरबाडकर हसले, मंदाचं हसू मी वेगळं ओळखलं. काशिनाथ म्हणत होता, ‘‘झोपला बघा परत.’’ ज्योतीनं जाहीर केलं की तिलाही दिसलं नाही, पॉइंट परत खेळा.

हा इशारा क्षणभरच द्यायचा असतो, मीच शेकडो पोरांना तसं शिकवलंय. पण तळहात गार होते आणि बरं वाटत होतं. शेवटी ज्योतीला माइकवरून सांगावं लागलं, ‘‘सर, हात काढा. सर्व्हिस व्हायचीय.’’